हिरडीच्या रंगाचं अक्षर

"भाषा म्हणजे तरी काय? दात, जीभ आणि टाळू. त्यातले दात मी आयुष्यभर स्वतःच्या हातानं बनवून लोकांना दिले. तेव्हा चिनी असो, नाहीतर आणखी कुठली असो, मला अवघड जाईल अशी भाषा अजून जन्माला यायची आहे," असं कवळीकाकांनी जाहीर केलं, भर दुपारी, जेवणाच्या टेबलावरून. आणि नव्या कोऱ्या ब्रशला पहिली शाई लावायची म्हणून तो समोरच्या चहात बुडवला.

चहा काकूंचा होता.

"लिहा आता," काकू म्हणाल्या. "साखर घातलेली आहे. अक्षर गोड येईल."

कवळीकाकांना खरं नावही होतं, पण ते फक्त विजेच्या बिलाला ठाऊक होतं. दातांचा डॉक्टर दात काढतो आणि पुढच्या दारानं बाहेर पडतो. मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी ॲक्रिलिक घेऊन त्या बोळक्यात पुन्हा बत्तिशी बसवतो तो वेगळा माणूस असतो, आणि काका तो माणूस होते. गावातलं निम्मं हसू त्यांच्या हातचं. रस्त्यानं जाताना समोरून कोणी हसलं, तर काका त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत. आपलं काम कसं टिकलंय ते बघत. एखाद्यानं रागानं दात-ओठ खाल्ले तरी त्यांना बरं वाटे, कारण वरची-खालची अगदी चपखल मिळायची.

काकू टेलिफोनच्या ऑफिसात होत्या. "नंबर लागत नाही" हे वाक्य सगळी हयात शांतपणे सांगितल्यामुळे त्यांना कुणाच्या निराशेचं फारसं काही वाटत नसे. नवऱ्याच्या तर नाहीच नाही.

चिनीचं प्रकरण असं होतं, की एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं, म्हणजे तिनं ठरवलं होतं, आणि ते एका अक्षरावर अडलं होतं.

लेक लिफ्ट तपासायची. उंच इमारतीत शिरून, लिफ्टच्या टपावर उभं राहून दोर, ब्रेक आणि दारांची कुलपं बघायची आणि खाली येऊन सही करायची. शहरातली माणसं तिच्या सहीच्या भरवशावर वर-खाली जात, आणि घरात मात्र ती बत्तिसाव्या वर्षीही छकुलीच होती. नवरामुलगाही त्याच कंपनीतला. दोघं बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकून प्रेमात पडली असतील अशी काकूंना फार आशा होती, पण ती कँटीनमध्ये उष्टे ट्रे परत ठेवताना भेटली.

मुलगा चिनी. उंचीला दारात वाकून यावा असा, आणि वागायला दारातच थांबावा असा. काकूंनी पहिल्याच भेटीत त्याला 'बापू' करून टाकलं. बापू मराठी शिकला तो छकुलीचं ऐकून, त्यामुळे तिच्यासारखाच बोलायचा. "मी आले." "मी बसते." "मी तर केव्हाच जेवले." काकांनी एकदा त्याला सुधारायला घेतलं, तर तो पुढच्या दोन भेटींत तोंडच उघडेना, नुसता हसायचा. शेवटी काकूंनी काकांना दम भरला. "बोलू दे त्याला तसंच. घरात सून आल्यासारखं वाटतं."

तर अडलं होतं ते बापूच्या आजीपाशी. आजी तिकडे, म्हणजे दोन विमानं आणि मधे विमानतळाच्या बाकावर एक डुलकी इतक्या अंतरावर. लग्नाची तारीख आजी सांगणार होती, आणि आजी म्हणत होती, आधी कागद.

"कसला कागद?" काकांनी विचारलं होतं. "हुंडा?"

"नाही, काका," बापू घाबरून म्हणाला. "एक अक्षर. मी सांगते. आजी लग्न करून निघाली ना, तेव्हा तिचे बाबा दाराच्या मागे उभे राहिले. बाहेर आलेच नाहीत. 'हो' पण नाही म्हटले, 'नाही' पण नाही म्हटले. दाराच्या खालून आजीला फक्त त्यांचे बूट दिसले."

"मग?"

"मग काही नाही. ती गेली. पण नंतर तिने नियम केला. आमच्या घरात जी मुलगी येते, तिच्या बाबांनी आपल्या हाताने हे एक अक्षर लिहून द्यायचे. आजी ते घरातल्या बोळात भिंतीवर लावते. माझ्या आईच्या बाबांचे आहे. काकीच्या बाबांचे आहे. काकीचे बाबा दारू पिऊन लिहिले, पण लिहिले."

आजीनं त्यासाठी खास कागद पाठवला होता, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून. पातळ, फुंकर मारली तर उडेल असा. एकच.

"दुसरा का नाही पाठवला?"

"आजी म्हणते, दुसरा दिला की माणूस पहिल्यावर मन लावत नाही."

काकूंना ही बाई न भेटताच आवडली.

ब्रशचा चहा पुसून झाल्यावर बापूनं रद्दीच्या कागदावर अक्षर काढून दाखवलं: 愿. त्याच्या हातून ते इतक्या सहज उतरलं, की काकांना वाटलं, यात शिकवण्यासारखं आहे काय?

"उच्चार युआन," बापू म्हणाला. "पण आवाज वरून खाली टाकायचा."

"युआन," काका म्हणाले. हवेत प्रश्न विचारल्यासारखं.

"युआन," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. पायरी चुकून धपकन खाली यावं तसं.

"काकू एकदम बरोबर!" बापू उडालाच.

"गॅस बंद केला का हो, असं विचारतानाचा आवाज आहे तो," काकू म्हणाल्या. "मला सवय आहे."

काकांनी विषय अक्षराकडे वळवला. बापू बोट ठेवून सांगू लागला. "हे छप्पर म्हणजे डोंगराचा कडा. त्याच्या खाली हे 'पांढरे'. त्याच्या खाली 'लहान'. तिन्ही मिळून होते 'मूळ'. आणि सगळ्यांच्या खाली हे मन."

"एवढं सगळं मनाच्या डोक्यावर?"

"हो."

"म्हणजे आमच्या घरासारखंच," काका स्वयंपाकघराकडे न बघता म्हणाले. "आणि सगळ्याचा मिळून अर्थ काय?"

"इच्छा," बापू म्हणाला. मग अडखळला. "आणि... कोणी विचारते, करशील का? आणि तू म्हणते, हो, करते. ते पण."

"तयारी," छकुलीनं शब्द पुरवला.

"अरे, मग नक्की काय? इच्छा की तयारी?"

"दोन्ही, काका."

"ही काय एकच गोष्ट आहे का? दात काढून घ्यायची माणसाची तयारी असते. इच्छा असते का?"

बापूनं यावर प्रामाणिकपणे विचार केला. "चिनी माणसाची पण नसते," तो म्हणाला.

मग काका लिहायला बसले, आणि तिथून त्यांची जी दशा सुरू झाली ती कुत्रा हाल खाणार नाही अशी.

हात चांगला होता, त्यात वाद नाही. मेणात दाढेवरची एक-एक खाच त्यांनी नुसत्या अंदाजानं कोरलेली होती. पण त्या हाताला सवय होती चाकूची. चाकू दाबला की मेण निघतं, रेघ बारीक होते. ब्रश दाबला की शाई सुटते, रेघ जाड होते. काका बारीक करायला म्हणून दाबायचे आणि रेघ फुगायची. घाबरून आणखी दाबायचे, आणि डोंगराचा कडा कोसळून खालचं पांढरं, लहान सगळं गाडलं जायचं. त्यातून दुरुस्तीची खोड. रेघ वाकडी गेली की काका तिला दुसरीकडून थोपटून सरळ करायला जात.

"काका, परत हात लावायचा नाही."

"अरे, पण चुकलंय ना!"

"हो. चुकलेले राहू द्यायचे."

"आमच्या धंद्यात चुकलेलं राहू दिलं, तर माणूस उपाशी मरतो," काका म्हणाले, आणि लपूनछपून एक ठिपका वाढवला.

सगळ्यात वाईट गत मनाची. खाली पसरट आडवा आकडा, पळी आडवी ठेवावी तसा, आणि भोवती तीन ठिपके. बापूच्या हातून हे मन बशीतल्या अंड्यासारखं निमूट बसायचं. काकांचं मन घसरायचं. कधी डावीकडे लोंबायचं, कधी वरच्या मुळापासून इतकं सुटायचं की पुढच्या ओळीत निघून जायचं. एकदा तर तिसरा ठिपका टेबलावरच पडला, आणि काकूंनी तो राखेनं घासून काढला.

रविवार जात राहिले. बापू येई, बूट काढी, "मी आले" म्हणे, रद्दी पसरी. जाताना तितकाच नम्रपणे रद्दी गोळा करी. काका इतर दिवशीही बसायचे, मागच्या खोलीत, आपल्या जुन्या बाकावर. भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे नमुने अजून ओळीनं मांडलेले होते. निवृत्त होताना काका ते टाकणार होते. पण ओळखीच्या माणसाचा जबडा कचऱ्यात कसा टाकायचा? ते सगळे जबडे आ वासून काकांचं चिनी बघत बसत.

आणि हळूहळू घरात एक संशय भरला. उघड कोणी बोलेना. पण ज्या माणसानं मेणात दाढा कोरल्या त्याला तीन ठिपके जमत नाहीत, आणि ते जमत नाहीत तोवर तारीख निघत नाही, आणि तारीख निघत नाही तोवर लेक घरात आहे, एवढं गणित काकूंना टेलिफोनच्या ऑफिसात न जाताही आलं असतं.

"नंबर लागत नाही की लावायचा नाही?" त्यांनी एकदा भाजी निवडता निवडता विचारलं.

"लागत नाही," काका म्हणाले.

गंमत अशी, की ते खरं होतं. काका जीव तोडून प्रयत्न करत होते. पण खरं बोलणाऱ्या माणसाची पंचाईत ही, की त्याला पुरावा म्हणून आणखी थोडं खरंच बोलावं लागतं. काकांनी दुप्पट सराव केला, दुप्पट चुकले, आणि संशय दुप्पट झाला. मग एके दिवशी त्यांचा स्वतःवरचाही विश्वास उडाला. हात मनातलं ऐकत असेल का? मागच्या खोलीत बसून त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, एखाद्या जुन्या नोकरानं आतून फितुरी केली असावी तसं.

छकुली एकदा कामावरून आली ती सरळ मागच्या खोलीत. हातात अजून टॉर्च, बुटांना ग्रीस. कचऱ्याच्या डब्यातून तिनं रद्दीचा एक बोळा काढून उलगडला.

"बाबा, मुद्दाम करताय ना तुम्ही?"

"मुद्दाम चुकायला आधी बरोबर यावं लागतं, छकुले."

"नको असेल तर नको म्हणा. मी काही पळून जाणार नाही."

"पळून गेली असतीस तर बरं झालं असतं. कागद तरी लागला नसता."

ती हसली नाही. स्टुलावर बसली आणि एका प्लास्टरच्या जबड्यावरची धूळ अंगठ्यानं पुसायला लागली. लहानपणी ती याच स्टुलावर बसून जबड्यांना शाळेतल्या बाईंची नावं देत असे.

"बापूला बदली आली," ती म्हणाली. "तिकडचीच. महिन्याअखेर हजर व्हायचंय. मलाही तिथं काम मिळतंय. तारीख निघाली तर आजींसमोर लग्न करू, तुम्ही दोघं याल. नाही निघाली तर इथं कचेरीत सही करून निघू."

"म्हणजे जाणार आहेसच."

"हो, बाबा."

"मग त्या कागदाला अर्थ काय राहिला?"

"काही नाही. भिंतीवर सगळ्यांचे असतील. तुमची जागा रिकामी राहील, एवढंच."

काकांच्या डोळ्यांपुढे ती भिंत आली. ओळीत एक फट. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या फटी बुजवल्या होत्या. आता कुठल्याशा परक्या बोळात त्यांच्या नावाची एक फट राहणार, आणि तिच्यासमोरून छकुली रोज भाजी घेऊन जाणार-येणार.

"बाबा, तुम्हाला काय हवंय ते एकदा सांगा तरी."

"मला काय हवंय ते नको विचारूस," काका म्हणाले. "काय जमेल ते विचार."

"बरं. जमेल?"

काकांनी समोरच्या बोळ्याकडे बघितलं. मन त्यात पार कोपऱ्यात जाऊन पडलं होतं. "बघतो," ते म्हणाले.

ती गेली, आणि काका तसेच बसून राहिले. मग सवयीनं त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. नुसताच. जळणारी वात बघितली की त्यांना विचार करता यायचा. हात आपणहून मेणाच्या चाकूकडे गेला. चाकू तापला. समोर मेणाची गुलाबी पट्टी होती. आणि काकांच्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो जरा आधी पडला असता तर कितीतरी रद्दी वाचली असती.

लिहायचं कशाला? बनवायचं.

मग काय विचारता! बापूनं काढून दिलेलं अक्षर पातळ कागदावर गिरवून काकांनी पट्टीवर उतरवलं आणि भोवतालचं मेण खरवडायला घेतलं. चाकू दाबला की रेघ बारीक व्हायची, जशी देवानं व्हायला सांगितली आहे तशी. चुकलं तर थेंबभर मेण ओतायचं, पुन्हा कोरायचं. परत हात लावायला मनाई करणारं कोणी नव्हतं. कडा उभा राहिला. पांढरं, लहान आपापल्या जागी बसलं. आणि सगळ्यात शेवटी, तीन ठिपक्यांसकट, मन बसलं. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. धुरानं पाणी आलं होतं, असं ते नंतर म्हणाले.

पुढचं काम हातातलं. मेणाची पट्टी पितळी डबीत प्लास्टरमध्ये पुरली. गरम पाण्यानं मेण वितळवून काढलं. उरलेल्या पोकळीत ॲक्रिलिकची कणीक दाबून भरली. डबी आवळून काकूंच्या मोठ्या पातेल्यात शिजत ठेवली.

"ते पातेलं माझं आहे," काकू म्हणाल्या.

"लेक तुझी पण आहे," काका म्हणाले.

प्लास्टर फोडल्यावर आतून जे निघालं, ते कानशीनं घासून, पॉलिश करून काकांनी काकूंपुढे धरलं. हिरडीच्या रंगाचं, चकचकीत, उठावदार चिनी अक्षर. काकूंनी ते बापूच्या कागदाशेजारी ठेवून बघितलं. रेघेला रेघ तंतोतंत.

"झालंय खरं," त्या म्हणाल्या. कौतुक त्यांना मानवत नसे, म्हणून लगेच पुढे म्हणाल्या, "एकदा साध्या कागदावर उमटवून तरी बघा."

काका दुखावले. "इतकी वर्षं कवळ्या बनवल्या. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी कधी स्वतःच्या तोंडात घालून बघितली का मी?"

यावर काकूंजवळ उत्तर नव्हतं. बायकोजवळ उत्तर नसलं की माणसानं सावध व्हावं, हे काकांना इतक्या संसारानंतर कळायला हवं होतं.

रविवारी फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पलीकडे आजी दिसू लागली. लहानशी, खुर्चीत बुडालेली, डोळे मात्र हिशेब तपासणाऱ्याचे. तिच्यामागे तो बोळ. भिंतीवर चौकटींची ओळ, आणि ओळीच्या शेवटी एक मोकळा खिळा. छकुलीनं नमस्कार केला. काकूंनी कोणी न सांगता "युआन" म्हणून दाखवलं. आजीनं मान हलवली.

काकांनी नळीतून कागद काढला आणि चारी कोपऱ्यांवर चार नकली दाढा ठेवून ताणला. खिशातून गुलाबी पट्टी निघाली.

"काका, हे काय आहे?" बापू पुढे वाकला.

"माझा हात," काका म्हणाले. "तो असाच लिहितो." आणि बापूला नीट बघायला मिळायच्या आत पट्टीला शाई लावून, कागदावर ठेवून, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कडक बसणारी कवळी बसवताना दाबायचे तशी. उचलली. ठसा स्वच्छ आला होता. एक ठिपका पुसट नाही की एक रेघ फुगलेली नाही. काकांनी कागद दोन्ही हातांनी उचलून फोनसमोर धरला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात काका स्वतः दिसत होते, आणि त्यांच्या छातीवर ते अक्षर, अगदी बापूनं शिकवलं होतं तसं.

आजीनं मान तिरकी केली. बापूनंही केली. शेवटी तो म्हणाला, "काका, ते उलटे आहे."

काकांनी घाईनं कागद फिरवून वरची बाजू खाली केली.

"नाही, काका. आता ते उलटे आहे, आणि डोक्यावर पण आहे."

मेणात जसं, तसंच ॲक्रिलिकमध्ये, हा काकांच्या धंद्याचा धर्म. त्यांनी बनवलेली वस्तू सरळ तोंडात जायची. ती कुठे उमटवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. उमटवलं की डावं उजवीकडे जातं, ही गोष्ट शिक्के करणाऱ्याला पहिल्या दिवशी कळते. काकांना ती आज कळली, लेकीच्या सासरच्यांसमोर, जगातल्या एकुलत्या एका कागदावर. आणि कोपऱ्यातला तो चौकोन आरसा असतो, हे छकुलीनं त्यांच्या कानात सांगितलं, तेव्हा तर पायाखालची फरशीच सरकली.

काकूंनी डोळे मिटले. "सांगितलं होतं" एवढंही त्या म्हणाल्या नाहीत, यावरून प्रसंग ओळखावा.

दुरुस्ती? थेंबभर मेण ओतायला जागा नव्हती. चुकलेलं राहू द्यायचं. काका कागद हातात धरून उभे राहिले. खाली ठेवावा तरी कुठे, तेही त्यांना सुचेना.

"बापू, त्यांना सांग," ते म्हणाले, "मला लिहिता आलं नाही म्हणून मी हे बनवलं. मुद्दाम उलटं केलं नाही. आणि सांग की माझी इच्छा नाही. ती जावी असं मला एक दिवसही वाटलं नाही. पण तयारी आहे. तयारी पूर्ण आहे. तुमच्या त्या अक्षरात दोन्ही एकत्र आहेत, मला काही ती वेगळी करता आली नाहीत."

छकुलीनं तोंड फिरवून पिशवीतला टॉर्च काढला आणि उगाच चालू-बंद केला.

बापूचा चेहरा पडला. "काका, मी हे कसे सांगू? याच अक्षरात सांगायचे तर दोन्ही तेच होते. 'तयार नाही, तयार आहे' असे होईल."

"मग तसंच सांग."

बापूनं तसंच सांगितलं. आजी ऐकत राहिली. मग खुर्चीतून पुढे सरकली आणि हातानं काहीतरी खूण केली.

"आजी म्हणते, कागद पालथा करा. मागची बाजू दाखवा."

काकांनी कागद पालथा केला. पातळ कागद, काकांनी दाबला होता कवळीसारखा. शाई पार मागे उतरली होती. फिकट, पण सरळ. कडा, पांढरं, लहान, आणि खाली मन.

आजी बराच वेळ बोलली. मधेच थांबली, पुन्हा बोलली, एकदा मागे वळून घराच्या दाराकडे बोट दाखवलं. काका, काकू आणि छकुली बापूच्या तोंडाकडे बघत होते.

"आजी म्हणते, चालेल," बापू म्हणाला.

"एवढं लांब बोलल्या त्या!" काकू म्हणाल्या.

"बाकीचे तिच्या बाबांचे होते." बापूनं फोन नीट टेकवला. "दाराच्या मागून लिहिले असते तर असेच दिसले असते, म्हणते. आणि तारीख दिली. महिना संपायच्या आत."

म्हणजे झालं. काकांना वाटलं होतं, या क्षणी काहीतरी वाटेल. आनंद म्हणा, दुःख म्हणा, निदान घाम. काहीच वाटलं नाही. दात काढल्यावर जीभ जशी त्या जागी पुन्हा पुन्हा जाते, तशी त्यांची नजर छकुलीकडे जात राहिली. ती अजून तिथंच होती, टॉर्च हातात घेऊन. मागे हटायला जागा नव्हती आणि पुढं करायला काम नव्हतं. काकांनी कागद पुन्हा नळीत घातला. नळीचं झाकण काही केल्या बसेना.

तेवढ्यात पलीकडून आजीनं बापूला पुन्हा हाक मारली. ती फोनच्या अगदी जवळ आली, इतकी की पडद्यावर नुसती हनुवटीच उरली. मग तिनं दोन बोटं तोंडात घालून खालची कवळी काढली, फोनसमोर धरली आणि त्या बोळक्या तोंडानं काहीतरी पुटपुटली.

"काका," बापू लाजत म्हणाला, "आजी विचारते, लग्नाला येताना तुमची ती कानस घेऊन याल का? कवळी बोचते, जरा घासून हवी आहे. डाव्या बाजूला." त्यानं क्षणभर विचार केला. "तिच्या डाव्या."